सुतळीची खिडकी

खाडीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध गुरुजी राहत. शाळेतून निवृत्त झाल्यावर खेकडे पकडण्याचा छंद त्यांना लागला होता. त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता पन्नाशीचा, त्यांच्यासोबत येऊ लागला. त्याचा मुलगा परगावी नोकरीला असताना अपघातात गेला होता. आता मुलीलाही परगावीच नोकरी लागली होती, पण एक गेला तेवढा पुरे, असे म्हणून त्याने तिला अडवले होते.

गुरुजींनी त्याला पिंजरा लावायला शिकवले. माशाचे ताजे डोके मधोमध बांधावे, म्हणजे खेकड्याला आत शिरावेच लागते. तळाशी दगड बांधून, भरती लागताना पिंजरा तिवरांच्या झाडांलगतच्या खोलगटात सोडावा. शिष्य भराभर शिकला. एकच गोष्ट त्याला पटेना. पिंजऱ्याची बाजूची खिडकी गुरुजी साध्या सुतळीने बांधत आणि दर खेपेला ती बदलत. म्हातारपणचा हट्ट समजून त्याने आपल्या खिडकीला गुपचूप नायलॉनची दोरी बांधली.

श्रावणी पौर्णिमेच्या उधाणात पिंजऱ्याची खूण म्हणून वर तरंगणारा डबा तुटला आणि शिष्याचा पिंजरा हरवला. कोजागरीच्या मोठ्या ओहोटीला तो चिखलात सापडला. आत रिकाम्या कवचांचा खच होता. त्यात एकच खेकडा जिवंत होता, नांगी तुटलेला.

“आमिष तर केव्हाच संपलं असेल,” शिष्य म्हणाला. “मग एवढे शिरले कशाला?”

“आधी मेलेला पुढच्याचं आमिष झाला,” गुरुजी म्हणाले. “हरवलेला पिंजरा धरायचं थांबत नाही, विसू. सुतळी असती तर कुजली असती, खिडकी उघडली असती. तू शाळेतही गाठी पक्क्या मारायचास आणि सुटेनात म्हणून रडायचास.” मग हळू आवाजात म्हणाले, “दुःख बांधावं लागतं, नाहीतर माणूस उभा राहत नाही. पण ते सुतळीनं बांधावं. घरात अजून एक जीव आहे.”

शिष्याने दोरी कापली. खिडकी उघडली तरी खेकडा हलेना. पाणी घोट्यापर्यंत चढले, तेव्हा कुठे तो बाहेर सरकला.

घरी येऊन त्याने मुलीला विचारले, “नलू, रुजू कधी व्हायचं होतं गं?”

“भाऊबीज झाली की,” ती म्हणाली, आणि त्या शब्दाशी दोघेही थांबले.

मग त्याने माळ्यावरून मुलाची बॅग काढली. तिची चेन तुटलेली होती. त्याने ती सुतळीने बांधून दिली.