माझ्याच बाकावरची

“वर्ग तोच, गुरुजी तेच. मग बाकीच्या कोरकू मुली मागे का राहिल्या?”

डॉक्टर झालेली सुखमणी कासदेकर आपल्या म्हाताऱ्या गुरुजींना विचारत होती. मेळघाटातल्या त्या गावातून डॉक्टर झालेली ती पहिलीच मुलगी.

तायडे गुरुजी अंगणात शेंगा सोलत होते.

“जिद्द लागते, गुरुजी. ती त्यांच्यात नव्हती. तुम्ही होतात म्हणून मी घडले.”

ती पाया पडायला वाकली.

गुरुजींनी पाय मागे घेतले.

“पहिलीत आलीस तेव्हा मराठी येत होतं तुला?”

“एक शब्दही नाही.”

“आणि मला कोरकू येत नव्हतं. मग मी शिकवलेलं तुला कळायचं कसं?”

सुखमणीला तो वर्ग आठवला.

“रामकली सांगायची. माझ्या शेजारी बसायची ती. तिचे आईबाप खाली संत्र्याच्या बागांत मजुरीला जायचे, त्यांच्याबरोबर राहून ती मराठी शिकली होती. तुम्ही बोललात की ती हळूच माझ्या कानात कोरकूत सांगायची.”

“हुशार होती?”

“माझ्यापेक्षा.”

“शाळा का सोडली?”

“तिला धाकटा भाऊ झाला. आई मजुरीला जायची. त्याला सांभाळायला ही घरी राहिली.”

“आणि तुझ्या धाकट्या भावाला कोणी सांभाळलं?”

“मला कुठे धाकटा भाऊ…”



शेंगांची टरफलं वाऱ्याने अंगणभर पसरली. दोघांपैकी कोणीच ती गोळा केली नाहीत.

“कुठे असते ती आता?” सुखमणीने विचारलं.

गुरुजी उठले. त्यांनी चपला घातल्या.

नाल्यापलीकडे रामकलीचं घर होतं. ती भिंत सारवत होती. सुखमणीला पाहताच शेणामातीच्या हातांनीच धावत आली. मिठी मारायची म्हणून आली, पण कपडे पाहून अलीकडेच थबकली.

सुखमणीनेच पुढे होऊन तिला घट्ट धरलं.

“अगं, साडी!” रामकली ओरडली.

“असू दे.”

“तू डॉक्टर झालीस ते कळलं मला. सगळ्यांना सांगत असते मी, माझ्याच बाकावरची आहे म्हणून.”

रामकलीची लेक दारात उभी राहून बघत होती. खांद्याला दप्तर होतं. तिच्या कडेवर मात्र कोणी नव्हतं.

सुखमणी रडू लागली. रामकली गोंधळली.

“काय झालं गं?”

“तुझ्यामुळे शिकले मी, रामकली. आजवर कधी बोलले नाही.”

“माझ्यामुळे? मी काय केलं? शिकवलं तर गुरुजींनी!”

गुरुजींनी रामकलीपुढे हात जोडले.

“त्या वर्गात शिकवायचीस तू, बाई. मी नुसता फळ्यावर लिहायचो.”