चिमाआक्का कुणाच्यातली?

फार वर्षांपूर्वी, भांड्यांवर नावं घालायची चाल यायच्याही आधी, आंबेघोळ गावात चिमाआक्का नावाची सुईण होती. गावातलं प्रत्येक पोर जन्मलं की पहिल्यांदा तिच्याच हातात यायचं. ती पोरांवर भारी खेकसायची, आणि पोरं तिलाच चिकटायची.

एका साली नदी चढली. लोकांनी हाताला लागेल ते उचलून टेकडीवरच्या देवळापुढं टाकलं. माणसं वाचली, भांडीकुंडी वाचली. आक्का मात्र एका बाळंतिणीला वर पोचवत होती, तेवढ्यात तिची झोपडी चुलीसकट गेली. आता बहिणीच्या गावी जायचं, असं तिनं ठरवलं. जीव तुटत होता, पण राहणार कुठं?

पाणी ओसरलं आणि त्या ढिगावरून भांडण पेटलं. पाटलांनी तांबं एकीकडं, पितळ एकीकडं, लोखंड एकीकडं लावून घेतलं. शहाणी माणसं अशीच लावतात! तांब्यांची रांग झकास दिसली, पण कुठला कुणाचा ते कळेना. "ह्यो माझा!" "तुझा कसा?" बाह्या सरसावल्या.

"सरका समदी," आक्का ओरडली. "पोरं आन् म्हातारी तेवढी फुडं या."

पोरांनी तांबं पाहिलं नाही की पितळ. इवल्याशा मंजीनं काठी, तपकिरीची डबी, पोचे पडलेला तांब्या आणि घोंगडं एकत्र ठेवलं. "ह्ये आज्याचं." म्हाताऱ्यांचंही तसंच. ही पळी त्या कढईची, हा पाट अमक्या सुनेच्या माहेरचा. बघता बघता देवळापुढं घरंच्या घरं मांडली गेली. शेवटची भांडी तर आपणहून घरंगळत आपापल्या घरात गेली, असं म्हणतात. लोक भांडण विसरून हसू लागले.

आक्कानं पदर खोचला आणि गुपचूप निघाली. तोच मंजीनं तिचा हात धरला, ओढत नेलं आणि आज्याच्या घोंगड्याशेजारी बसवलं.

"ही आमच्यातली."

"न्हाई, आमच्यातली!" दुसरं पोरगं धावलं. मग तिसरं. पोरं अशी झोंबली की आक्काचं लुगडं फाटायची वेळ आली. ती रडत होती आणि हसतही होती. शेवटी म्हाताऱ्यांनी प्रत्येक घरातली एकेक वस्तू काढून तिचा संसार मांडला, आणि गावानं टेकडीवरच तिला घर बांधून दिलं. ते घर एका दिवसात उभं राहिलं, असं म्हणतात.

आजही दर वर्षी त्या दिवशी आंबेघोळचे लोक आपली भांडी देवळापुढं ओततात. ती लावायची पोरांनी आणि म्हाताऱ्यांनी. मधल्या वयाच्या कुणी हात लावला, तर पोरं त्याला पळवून लावतात. आक्का नक्की कुणाच्यातली, हे भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. म्हणून प्रत्येक घराच्या भांड्यांशेजारी एक पाट रिकामा मांडलेला असतो.