कच्च्या आव्याची वांगी

बोरखडी हे गाव आजही मोठे नाही, आणि तेव्हा तर ते तीस-चाळीस उंबऱ्यांचेच होते. वर टेकाडावर खंडोबाचे देऊळ, खाली ओढा, आणि ओढ्याच्या अंगाला कुंभारांची दोन घरे. अशा या गावी एका चातुर्मासात उद्धवगिरी महाराज येऊन राहिले. देवळाच्या ओवरीत एक घोंगडी आणि एक कमंडलू, एवढाच त्यांचा संसार. त्यांची एक रीत मात्र साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. कुणाच्या घरी गेले की महाराज ओसरीवर टेकत नसत. घराला वळसा घालून सरळ परसात जात आणि तिथल्या न्हाणीच्या दगडावर बसत. म्हणत, ओसरी पाहुण्यांसाठी झाडलेली असते, घर कसं चाललंय ते परसात कळतं. मोठ्या घरच्या बायकांची यामुळे फार तारांबळ उडे, कारण त्यांचा सगळा पसारा मागेच टाकलेला असायचा.

ओढ्याकाठच्या त्या दोन घरांतले एक सारजा कुंभारणीचे. तिचा नवरा रखमाजी चाकावरचा मोठा कसबी माणूस. खंडोबाच्या षड्रात्राला, म्हणजे मार्गशीर्षात चंपाषष्ठीपर्यंतच्या सहा दिवसांना, देवळात जो घट बसतो, तो पिढ्यान्‌पिढ्या याच घरचा. त्या मानापोटी सुगीत घरोघरचे सूपभर धान्य या घरी येई, आणि त्यावरच चूल पेटे. पण त्या साली माती खणताना दरड पायावर आली आणि रखमाजी अंथरुणाला खिळला. त्याने आधी घडवून ठेवलेली मडकी तेवढी भाजायची राहिली होती. ती भाजायचे काम एकट्या सारजेवर आले.

भादव्यातला दिवस होता. आभाळ लख्ख होते. सारजेने गोवऱ्या रचल्या, मडकी लावली, वरून पाला आणि राख घातली आणि आवा पेटवला. पेटलेल्या आव्याला कुंभार पाठ दाखवत नाही, हे तिला काय ठाऊक नव्हते? पण दिवेलागणीला देवळात महाराजांचे कीर्तन सुरू झाले, टाळांचा आवाज ओढ्यापर्यंत आला आणि बाईचा जीव राहीना. पदराला हात पुसत ती म्हणाली, उभ्या उभ्या दोन अभंग ऐकते आणि येते. दोनाचे चार झाले. तेवढ्यात कुठून एक सर आली, आणि सारजा धावत परसात पोचली तेव्हा आवा फुसफुसत विझत होता.

दुसऱ्या दिवशी मडकी काढली. मडके घेणारा माणूस आधी ते बोटाने वाजवून बघतो. पक्के मडके खणखणते. यातले एकही वाजेना, नुसते बद्द बद्द. पाणी भरले की अंगावर घाम यावा तसे पाणी बाहेर येई आणि दुपारपर्यंत मडके निम्मे होई. बाजारात सारजेने दिवसभर उन्हात बसून पाहिले. लोक वाजवत आणि पुढे जात. तीच मडकी डोक्यावर घेऊन ती परत आली.

गावात एक दौलतराव मळेकर म्हणून होते. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्यांचा भला मोठा मळा, मळ्यात बारमाही विहीर. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरिताचा आणि रोडग्यांचा नैवेद्य असतो. त्या नैवेद्याची वांगी दरसाल दौलतरावांच्या मळ्यातून येत, आणि देव आपल्याच वांग्यांवर जगतो असा त्यांचा समज झाला होता. माणूस वाईट नव्हता हो, पण ताठा फार. पारावर चार माणसांत ते हसून म्हणाले, "सारजेला देव भेटला, पण आवा बुडाला! आता टाळ भाजून खा म्हणावं." लोकही हसले. सारजेला ते लागले, कारण त्यात खोटे काहीच नव्हते.

घरात मीठ-भाकरीवर आले. आजारी नवऱ्याला घासभर भाजी मिळेना. तशात एके सकाळी महाराज आले आणि रीतीप्रमाणे थेट परसात गेले. परस कसले, कुंभाराचे अंगण ते. राखेचे ढीग, खापऱ्यांचा खच, आणि खाली भाजून भाजून दगड झालेली जमीन. एका कडेला ती मडकी पालथी घातलेली. महाराजांनी विचारले, ही इथे का? सारजेला रडू आवरेना. तिने सगळे सांगितले, कीर्तनाला आले म्हणून आवा बुडाला, हेही सांगितले. "माझीच चूक, महाराज. पाणी धरत नाहीत मेली. काय करू यांचं?"

महाराजांनी एक मडके सरळ केले, त्यात कमंडलूतले पाणी ओतले आणि समोर बसून राहिले. बराच वेळ बसले. मडक्याच्या पोटावर बारीक थेंब आले, एकमेकांत मिसळले, खाली ओघळले, आणि त्या दगडासारख्या मातीत हातभर ओल पसरली. महाराजांनी त्या ओलीत बोट रुतवून पाहिले. "धरत नाही म्हणून रडतेस होय? अगं माय, हे देतंय की! पुरून टाक सगळी गळ्यापर्यंत. एकेका मडक्याभोवती चार चार रोपं लाव, वर खापरीचं झाकण घाल. आणि पहिली वांगी खंडोबाला."

"पण बियाणं कुठून आणू, महाराज? घरात फुटकी कवडी नाही."

महाराज हसले आणि म्हणाले की गावात फिर, लोक काय टाकतात ते बघ.

आता बघा, विकत घ्यायचे म्हटले तर तिला काही जमले नसते. पण ती टाकलेले वेचायला निघाली आणि गाव भरलेले दिसू लागले! एकीच्या कुंपणावर जून होऊन वाळलेला दोडका लोंबत होता, त्यात मूठभर बिया. एकीच्या मोरीपाशी अळू माजले होते, ते उपटून टाकायचेच होते. शेवग्याची मोडकी फांदी वाटेत पडलेली. आव्याची राख तर तिच्या दारातच, आणि खताला गाढवाची लीद होतीच. वांग्याची रोपे तेवढी कुठे मिळेनात. दौलतरावांची लावणी आटोपली, उरलेली रोपे गड्यांनी बांधावर फेकली, तेव्हा सारजेने त्यांतली जिवंत तेवढी निवडून ओल्या फडक्यात घरी आणली. पहारीने जमीन फोडताना हाताला फोड आले. पण दसऱ्याच्या आत पंधरा मडकी गळ्यापर्यंत पुरली गेली, आणि भोवती रोपांनी माना वर काढल्या.

दौलतरावांच्या कानावर हे गेले. देवळात महाराजांसमोरच त्यांनी विषय काढला. म्हणाले, माझ्या उकिरड्यावरची रोपं आणि हिची गळकी मडकी, त्याचा नैवेद्य देवाला? मग सारजेकडे वळून म्हणाले, "सारजे, चंपाषष्ठीला तुझ्या राखेतली वांगी देवापुढं आली, तर तुझ्या दारात येऊन पाया पडेन. नाही आली, तर पुढच्या सालापासून घट शेजारगावच्या कुंभाराचा. ज्या घरचं मडकं पाझरतं, त्या घरचा घट देवाला नको."

घट गेला म्हणजे मान गेला, आणि मानाबरोबर सुगीचे धान्यही गेले. पांगळा नवरा घेऊन सारजेने मग जायचे कुठे? तिने महाराजांकडे पाहिले. महाराज डोळे मिटून बसले होते. तिने हात जोडले आणि एवढेच म्हणाली, "बरं, दौलतदादा."

कार्तिकात महाराज तीन कोसांवरच्या नांदुरीला गेले. जाताना सारजेला म्हणाले, हात धुतलेलं पाणीसुद्धा मडक्यात घाल, आणि घालताना नाव घे. ती तसेच करी. रोपे कमरेला लागली, जांभळी फुले आली. पण त्या साली ओढा लवकर आटला. कुंभारांना पाणी दौलतरावांच्या विहिरीचे. दौलतरावांनी मळ्याला पाणी पुरत नाही म्हणून विहिरीवर काटे घातले आणि माणसांच्या पिण्यापुरत्या घरटी दोन घागरी सोडल्या. मळ्यात मात्र पाट दिवसरात्र वाहत होता. आणि नेमका घट बसला त्या दिवशी रखमाजीला ताप भरला. दोन घागरींतले पाणी त्याला पाजण्यात आणि कपाळावर पट्ट्या ठेवण्यात जाऊ लागले. हात धुवायलाच पाणी नाही, तर धुतलेले कुठून येणार? आदल्या दिवशी, अमावास्येला, मडक्यांत जे ओतले तेच शेवटचे.

दोन दिवस सारजा परसाकडे गेलीच नाही. ती मडकी दुपारपर्यंत निम्मी होतात हे तिच्याइतके कुणाला ठाऊक? तिसऱ्या दिवशी सकाळी मन घट्ट करून गेली. झाडे मरगळलेली असतील म्हणून नजर वर करवेना. पाहते तो पाने टवटवीत, आणि पानांआड मुठीएवढी वांगी धरलेली! तिने खापरी उचलली. मडके गळ्यापर्यंत भरलेले. दुसरे उचलले, तिसरे उचलले. पंधराही मडकी काठोकाठ.

तिला वाटले, शेजारच्या जावेने दया केली असेल. जाऊ म्हणाली, बाई गं, माझाच रांजण कोरडा आहे, तुला कुठून घालू? रखमाजीला खरे वाटेना. तापातच तो भिंतीला धरून, फरफटत मागच्या दारापर्यंत आला. कुंभाराचा डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा. त्याने दारालगतच्या मडक्याच्या गळ्यावर टिचकी मारली, कान लावून ऐकले आणि त्याचे डोळे भरून आले. "भरलंय गं सारजा. तळापासून भरलंय." चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशीही तेच. मडकी पाझरत होती, भोवतालची माती ओली होती, आणि आतले पाणी तसूभर उतरत नव्हते. सारजेने कुणाला काही सांगितले नाही. रोज खापरी उचलायची, हात जोडायचे आणि झाकायची.

चंपाषष्ठी उजाडली. दौलतरावांची टोपली वाजतगाजत देवळात आली. वांगी अशी तुकतुकीत की बघत राहावे. बायकांनी भाजण्याआधी चिरा दिल्या, आणि पहिल्याच वांग्यात अळी निघाली. दुसऱ्यात निघाली. टोपली संपली, पण बिनकिडीचे एक वांगे सापडले नाही. अति पाण्याने माजलेल्या झाडाला कीड आधी धरते, हे कुणीही माळी सांगेल, पण ऐकून घेईल त्याला ना! गुरव म्हणाला, किडका नैवेद्य देवाला चालायचा नाही, आणि माध्यान्हीला तर दोन घटकाच राहिल्यात. कुणीतरी हळूच सारजेचे नाव काढले. दौलतरावांचा चेहरा उतरला. तरी आत कुठे तरी ऐट शिल्लक होतीच. राखेत काय उगवलंय ते बघू तरी, असे म्हणत ते दहा-वीस माणसांसह ओढ्याकडे निघाले.

परसात आले आणि थबकले. सारजा टोपली घेऊन वांगी तोडत होती. काळीभोर, काटेरी देठांची वांगी, टोपलीच्या वर आलेली. दौलतरावांनी विचारले, पाणी कुठलं घातलंस? विहीर तर मी बंद केली. सारजा म्हणाली, मी नाही घातलं, दादा.

एवढ्यात घराला वळसा घालून महाराज आले. बरोबर नांदुरीचे म्हातारे टाळकरी गेनोबा होते. महाराजांना पाहून सारजा टोपली खाली ठेवून पुढे आली. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, चालताना पाय लटपटत होते. महाराज न्हाणीच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "माय, पाणी दे."

घरात घागरीचा तळ दिसत होता. सारजेने जवळच्या मडक्याची खापरी काढली, वाटी बुडवली आणि भरून दिली. महाराज घोट घोट प्यायले. गेनोबा मटकन खाली बसले आणि डोळे पुसू लागले. म्हणाले, "घट बसल्यापासूनचा पहिला घोट हा. आम्ही पाया पडलो, गाव पाया पडलं, पण महाराजांनी थेंब घेतला नाही. विचारलं की म्हणायचे, माझं पाणी दुसरीकडं लागलंय."

इतके दिवस जे पाणी पाहून सारजा हात जोडत होती, ते कुणाच्या तोंडचे होते, हे तिला आता कळले. ती महाराजांच्या पायांवर कोसळली आणि हुंदके देत म्हणाली की मला नको होती वांगी, महाराज, घट गेला असता तरी चाललं असतं. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "अगं, तू आवा सोडून माझ्यापाशी आली होतीस. मग मी नको यायला?"

दौलतराव उभेच होते. विहिरीवर काटे कुणी घातले, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. महाराजांनी त्यांना जवळ बोलावले. रागाचा शब्द नाही, की टोमणा नाही. शेवटचे मडके दाखवून म्हणाले, "दौलतराव, पाणी आहे का बघा बरं यात."

मडके गळ्यापर्यंत जमिनीत. उभ्याने काय दिसणार? दौलतराव वाकले. तरी दिसेना. गुडघे टेकले, हात टेकले, आणि झाकण काढून आत पाहायला गेले तेव्हा डोक्यावरचा जरीचा पटका सुटून सारजेच्या राखेत पडला. तो त्यांनी उचलला नाही. आत पाणी होते, स्वच्छ, काठापर्यंत. त्यांनी तिथेच, त्या पाझरत्या मडक्याच्या काठावर कपाळ ठेवले, आणि मग वळून, तसेच गुडघ्यांवर, सारजेच्या पायांकडे हात नेले. ती लाजून मागे सरली. म्हणाली, दादा, आधी टोपली उचला, देव उपाशी आहे.

ती टोपली दौलतरावांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि बोडक्या डोक्याने टेकाड चढले. येळकोटाच्या गजरात भरीत-रोडग्यांचा नैवेद्य झाला. त्याच दुपारी विहिरीवरचे काटे निघाले, आणि संध्याकाळी कुंभारांच्या घागरी ज्याच्या त्याला हव्या तेवढ्या भरल्या गेल्या. रखमाजीचा ताप उतरला, आणि पुढच्या साली घट त्याच्याच चाकावरून देवळात गेला.

बोरखडीचे कुंभार अजून आवा लावताना एक मडके कडेला ठेवतात, पुरती आच पोचणार नाही असे. ते बाजारात नेत नाहीत. परसात पुरतात आणि भोवती वांगी लावतात. त्या वांग्यांना पाणी घालताना ज्याला आपल्या उद्धवगिरी महाराजांची तहान आठवते, त्याच्या परसाला आणि घराला कधी काही कमी पडत नाही, असे तिथले लोक सांगतात, आणि आम्ही ते हात जोडून ऐकतो.