मधला थेंब

त्या राज्यात जमीन काचेची होती आणि पाणी वरून बदललं जाई. तिथले रहिवासी गळा नावाच्या मुलखातून आणलेले. जुन्या मुलखात ते हातात हात घालून कडं करत, बाहेरचं मीठ ओढून आत देत आणि मधोमध सोनेरी रसाचा थेंब सांभाळत. तो थेंब कुणा एकाचा नसे.

काचेवर येताना कडी तुटली. थोरलीने मात्र धाकट्या भावाला आणि चार शेजाऱ्यांना गोळा करून एक कडं पुन्हा जमवलं. धाकटा उतावळा, मीठ भसकन आत टाकायचा.

"हळू रे, सांडशील," ती म्हणे. तिच्या हातून कधी कण सांडला नाही.

मग नव्या पाण्याबरोबर वाढवणारा आला. मोठा दिलदार गडी. ज्याला शिवेल त्याचे दोन होत, दोघांचे चार. ओसाड काच बघता बघता भरली. धाकटा डोळे विस्फारून पाहत राहिला. पण दोन होताना लोक हात सोडत, चपटे होऊन पसरत आणि मीठ ओढायचं विसरत. साऱ्या काचेवर थेंब उरला तो थोरलीच्या कड्यात.

"ताई, आपणच तेवढे वेडे!"

"वेडे तर वेडे. हात घट्ट धर."

पुढच्या वेळी पाणी बदललं तेव्हा थोरलीचीच पकड सुटली. ती वर तरंगली आणि जुन्या पाण्याबरोबर गेली. धाकट्याच्या एका बाजूला शेजारीण उरली, दुसऱ्या बाजूला नुसतं भगदाड.

"अरे, थेंब चालला!" शेजारीण ओरडली. "पलीकडे हात पोचव!"

पोचत नव्हता.

वाढवणारा जवळ आला. "दोन हो," तो मायेने म्हणाला. "एक रडेल, एक विसरेल."

"होतो. पण हात सोडणार नाही."

"हात धरून कुणी दोन झालंय का?"

"नसेल झालं."

तो मधून फाटत गेला, पण शेजारणीचा हात त्याने सोडला नाही. त्याच्यातूनच फाटून निघालेल्या नवीलाही त्याने दुसऱ्या हाताने धरलं आणि भगदाडात पुढे सारलं. तिने चाचपडत पलीकडचा हात पकडला. कडं मिटलं. थेंब थांबला.

धाकट्याने घाईघाईने मीठ ओढलं आणि भसकन आत टाकलं.

नवीने थोरलीला कधी पाहिलं नव्हतं. थेंबावरची नजर न काढता ती म्हणाली, "हळू रे, सांडशील."