सावरखिंडीचं दुसरं माप

पाहुणे, माणूस खरा कशावरून ओळखायचा, तोंडावरून की आवाजावरून? नाचणी नंतर घ्या, आधी एवढं सांगा. आमच्या सावरखिंडीच्या बाजारात पहिल्या मापाला चार गावांसारखं 'लाभ' म्हणतात, पण दुसऱ्याला 'दोन' नाही, 'ताई' म्हणतात. नवखे व्यापारी हसतात. हसू द्यावं.

फार मागे भिवरा आणि तानू या दोघी बहिणी खिंड चढून नाचणी विकायला येत. थोरली भिवरा माप ओती, धाकटी तानू पोत्याचं तोंड धरून मोजी, "लाभ, ताई, तीन..."

आई डाफरे, "दोन म्हण गं. बाजार हसतो."

"लाभाच्या पाठीशी ताई नको का?" तानूचं ठरलेलं उत्तर.

एकदा खिंडीत धुकं उतरलं आणि भिवराच्या हातातून तानूचा हात सुटला. खिंडीचा राखणदार एकटेपणाला कंटाळून वाटसरू ठेवून घेई, असं सांगतात. हाका मारत भिवरा त्याच्या गुहेपाशी गेली, तर आत सात तानू, एकाच आवाजात "ताई, ताई" करून रडताहेत.

राखणदार म्हणाला, "तुझी ओळख आणि ने. चुकलीस तर दोघी इथंच राहाल. नाहीतर वाट मोकळी आहे, एकटी जा."

"एकटी जाऊन आईला काय सांगू? नाचणी आणली, तानू ठेवली?"

भिवरानं कानामागचा तीळ पाहिला. तो साती जणींना होता. मग तिनं टोपली उतरवली, माप पुढं केलं आणि रोजच्यासारखं दटावलं, "रडणं पुरे. एकेकीनं मोजा."

सहा जणींनी चोख मोजलं, लाभ, दोन, तीन. राखणदारानं आयुष्यभर व्यापाऱ्यांचंच मोजणं ऐकलेलं. सातवी हुंदका गिळून म्हणाली, "लाभ, ताई..."

पुढचं भिवरानं ऐकलंच नाही. तिनं हात धरला. "चल घरी. आईला सांगते, हिला चुकूच दे."

धुकं विरलं, तेव्हा उरलेल्या सहा जणींचे दगड झाले होते म्हणे.

आजही ते दगड गुहेच्या तोंडाशी आहेत, आणि आजही आमच्याकडं ताईचं माप शिगेनं भरतात. मागं एक व्यापारी म्हणाला, ताई हा काही आकडा नव्हे, आणि ते माप त्यानं हिशेबात धरलंच नाही. पुढल्या बाजारी त्याच्या पालाकडं कुणी फिरकलं नाही. तेव्हा पाहुणे, माल हवा तेवढा न्या. हिशेब मात्र सरळ ठेवा, त्यातून ताईला गाळू नका.