बाळंतिणीच्या खोलीची भिंत

"मग आत रडतंय कोण?" धोंडबुवांनी विचारलं.

"रडत नाही, बुवा. नुसता आवाज येतो... भिंतीतून."

श्रीपती मठाच्या ओट्यावर बसला होता. बुवांच्या शिष्यांत पोथी त्याचीच पाठ. आणि दया आपल्याइतकी कुणाच्या अंगी नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. वाटेत मुंग्यांची रांग दिसली की हा वळसा घेणार, आणि डोक्यावर भरला हंडा घेऊन मागून येणाऱ्या बायकोलाही घ्यायला लावणार.

झालं होतं ते असं. त्याच्या घरी बाळंतिणीच्या खोलीच्या मागच्या भिंतीत, दगडांच्या सांदीत, उदमांजर शिरलं होतं. खोलीत त्याची बायको सावित्रा आणि आठवड्याचं बाळ. उद पुरलेली पोरं उकरून नेतो, असं त्या भागात म्हणतात. श्रीपतीचं पहिलं पोर गेल्या साली गेलं, ते ओढ्याकाठी पुरलेलं. त्यामुळे घरात सगळेच धास्तावले होते. श्रीपती भ्यायला, त्यात त्याची काही चूक नव्हती.

"मेहुणा कुत्री घेऊन आला होता," श्रीपती म्हणाला. "मी त्याला परत पाठवला. म्हटलं, या घरात हत्या होणार नाही. काल तिन्हीसांजेला ते जनावर आपणहून बाहेर पडलं, चिंचेवर चढलं. मी लगेच भोक बुजवलं. दगड, माती, वरून चुना. काठीसुद्धा उचलली नाही, बुवा."

बुवांनी जपमाळ खाली ठेवली.

"सकाळपासून आतून बारीक आवाज येतोय. पिल्लं असतील बहुतेक..." श्रीपतीनं टेकडीखालच्या घराकडे पाहिलं. "थोडा वेळ गेला की थांबेल ना आपोआप?"

"थांबेल."

"मग... त्याचा दोष मला लागेल का? मी तर हातही लावला नाही."

बुवा उठले. वहाणा न घालताच टेकडी उतरायला लागले. श्रीपती उत्तरासाठी मागून धावला.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. बुवा खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. आत सावित्रा भिंतीला कान लावून बसली होती. बाळ मांडीवर झोपलेलं. तिची चोळी पुढून ओली झाली होती.

"ह्याचं पोट भरलंय, बुवा," ती म्हणाली. "पण तिकडं ती पिल्लं ओरडली की मला पान्हा फुटतो. मी काय करू?"

बुवांनी मान खाली घातली. मग ते परसात गेले आणि बुजवलेल्या भोकासमोर उभे राहिले. काम सुबक होतं. चुन्यावरून हात फिरवून श्रीपतीनं ते गुळगुळीत केलं होतं.

"उघड."

"बुवा! ती मादी परत आत येईल."

"येऊ दे."

"मग तिला बाहेर काढून मिळवलं काय?"

"बाहेर काढायचंय ना? आधी आत घे."

श्रीपती दोन पावलं मागे सरला.

"पलीकडे माझं बाळ आहे. मधे एवढीशी भिंत... एक पोर ओढ्यावर ठेवून आलोय मी, बुवा."

बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणूनच सांगतोय. उघड."

मागच्या दारात सावित्रा येऊन उभी राहिली. बाळ छातीशी.

"मी माजघरात बसते," ती म्हणाली. "आजच्या दिवस ही खोली तिची."

श्रीपतीच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, बाळंतपणाचं सुवेर सरलं नाही अजून, आणि तू खोलीबाहेर? आणि बुवा, तुम्ही तरी! बाळंतिणीच्या खोलीला कधी कुदळ लावतात?"

"कुदळ नको," बुवा म्हणाले. "त्याला बोटं आहेत."

श्रीपती गुडघ्यांवर बसला. वरचा चुना धरला होता, आतली माती अजून ओली होती. नखं मोडली. एकेक दगड बाहेर आला तसा आतला आवाज मोठा झाला. पण आता तो तुटक येत होता. मधे मधे थांबायचा... थांबला की श्रीपतीचे हात आणखी घाई करायचे.

भोक मोकळं झालं. दोघं विहिरीआड जाऊन बसले.

अंधारून यायच्या आधी ती चिंचेवरून उतरली. काळपट अंग, लांब शेपटी. भोकापाशी थांबली, हुंगलं, आत गेली.

आवाज बंद झाला.

"आता आतच राहिली तर?" श्रीपती कुजबुजला.

"मोडलेल्या घरात कोण पोर ठेवील?"

बराच वेळ काही हललं नाही. मग ती बाहेर आली. तोंडात पिल्लू होतं. ते घेऊन ती ओढ्याकडच्या झाडीत शिरली. श्रीपतीनं डोळे मिटून घेतले.

परत आली. दुसरं नेलं.

पुन्हा आली. आत गेली, ती रिकाम्या तोंडानं बाहेर आली आणि कुंपणावर चढून बसली.

"झालं," श्रीपती म्हणाला आणि दगड उचलायला उठला.

"तीन आहेत!" माजघराच्या खिडकीतून सावित्राचा आवाज आला. "तिसरं अगदी बारीक ओरडतं. सकाळपासून मी ऐकतेय."

"हात घाल," बुवा म्हणाले.

श्रीपतीनं भोकाकडे पाहिलं. कुंपणावरच्या तिच्याकडे पाहिलं. तिचे दात दिसत होते.

"बुवा..."

"हात."

त्यानं हात घातला, खांद्यापर्यंत. त्यानं काल आत ढकललेला एक दगड सांदीत अडकला होता. त्याच्या मागे काहीतरी ऊबदार हललं. श्रीपती तसाच थांबला.

"बुवा... हे बोट चोखतंय माझं."

"दूध आहे का तुझ्याकडे?"

"नाही."

"मग बाहेर काढ आणि खाली ठेव."

त्यानं दगड सरकवून पिल्लू बाहेर काढलं. ओंजळीत मावेल एवढं. डोळेही उघडले नव्हते. ते त्यानं भिंतीशी पाल्यावर ठेवलं आणि मागे आला.

ती हलली नाही.

"अजून मागे," बुवा म्हणाले.

तो विहिरीपर्यंत आला. ती हलली नाही.

"अजून."

असं करत श्रीपती आपल्याच कवाडाबाहेर, गल्लीत येऊन उभा राहिला. बुवाही बाहेर आले. त्यांनी फटीफटींचं कवाड ओढून घेतलं आणि त्यावर हात आडवा धरला.

तेव्हा ती उतरली. पिल्लाला हुंगत राहिली. माणसाचा वास लागला होता त्याला. एकदा मागे सरली... पुन्हा जवळ आली.

एवढ्यात माजघरात बाळ जागं झालं आणि त्यानं टाहो फोडला.

ती जागच्या जागी थिजली. श्रीपती कवाडाकडे झेपावला. बुवांचा हात हलला नाही.

"सोडा, बुवा!"

"थांब."

"सावित्रा घाबरली असेल... बुवा, पाया पडतो!"

"थांब."

श्रीपतीनं कवाडाचं लाकूड दोन्ही मुठींत धरलं. मोडलेल्या नखांतून रक्त येत होतं. आत बाळ रडत होतं.

भिंतीपाशी ती वाकली, पिल्लू उचललं आणि झाडीत नाहीशी झाली.

"गेली! आता तरी आत जाऊ द्या," श्रीपती रडवेला होऊन म्हणाला. "माझं पोर रडतंय हो!"

बुवांनी हात काढला नाही. त्याच्या तोंडाकडे बघत ते म्हणाले,

"आता येतं ऐकू?"