ओढ्याकडे पाठ

“…म्हणजे मी ओढ्याकडे पाठ करून बसू? आणि नेमकी तेव्हाच फटाकडी आली तर?”

“आली तर येईल,” सावे गुरुजी म्हणाले.

हृषीकेशला वाटलं, गुरुजी थट्टा करताहेत. पण गुरुजी शांतपणे केळं सोलत होते.

संध्याकाळचा चहा नुकताच झाला होता. अंदमानातलं एक लहानसं बेट, नारळीच्या बागेतलं विश्रामगृह, आणि सहलीची शेवटची संध्याकाळ. बाकीची मंडळी किनाऱ्यावर शिंपले वेचायला गेली होती.

गुरुजी मूळचे केळव्याचे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात ते आठ-दहा माणसं घेऊन या बेटावर यायचे आणि त्यांना पक्षी दाखवायचे. जाहिरात कधी केली नाही. एकदा आलेला माणूसच पुढच्या वेळी मेव्हण्याला धाडायचा.

हृषीकेश धुमाळ त्यांचा शिष्य. पोरगा हुशार. पक्ष्यांची नावं त्याला मराठीत, इंग्रजीत आणि लॅटिनमध्ये पाठ होती, आणि कुणी विचारली नाहीत तरी तो ती सांगायचा. खोट एवढीच.

यंदा गुरुजींचे गुडघे बोलायला लागले होते. पुढच्या वर्षीपासून ही माणसं कुणाच्या हाती द्यायची, हे ते याच सहलीत ठरवणार होते. हे काम आपल्या हाती यावं असं हृषीकेशला फार वाटत होतं. त्यासाठी तो पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचा, सगळ्यांच्या दुर्बिणी पुसायचा.

आणि त्याला फटाकडी बघायची होती. तांबूस अंगाची, हिरव्या चोचीची, कोंबडीपेक्षा लहान, झुडपांतून चालणारी, महालाजाळू. या बेटांखेरीज जगात कुठे नाही. इथले बाकी सगळे पक्षी त्याने पाहिले होते. ही तेवढी हुलकावणी देत आली होती.

“गुरुजी, माझं काही चुकलं का?”

गुरुजींनी केळ्याचा अर्धा भाग त्याला दिला.

“दुपारी शेवंतामावशींना काळा सुतारपक्षी दिसला?”

“दिसला की! वठलेल्या झाडावर होता. मी लगेच दाखवला. त्या स्वतः म्हणाल्या, ‘दिसला.’”

“म्हणाल्या…”

“हो. दोनदा म्हणाल्या.”

“सुतार दिसलेला माणूस ‘दिसला’ असं म्हणत नाही.”

हृषीकेशला हे पटलं नाही. मग माणूस काय म्हणतो, असं त्याने विचारलं. गुरुजींनी उरलेलं केळं खाल्लं आणि ते गुडघ्याला तेल चोळत बसले…

शेवंतामावशी साताऱ्याच्या. उभी हयात सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून गेली. अशा सहलीला पहिल्यांदाच आलेल्या. दुर्बीण डोळ्यांना लावून, चष्म्यावरून सरकवून, फिरवून स्पष्ट करेपर्यंत पक्षी उडून गेलेला असायचा. पण आपल्यामुळे चारचौघांचा खोळंबा नको, म्हणून त्या हसून सांगायच्या, “दिसला, दिसला. चला पुढं.”

सहा दिवस त्या हेच म्हणत होत्या. सहा दिवस हृषीकेश समाधानाने पुढच्या झाडाकडे वळत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सगळे ओढ्यावर गेले. गर्द झाडी, खाली ओला पाचोळा, मधून पाण्याची बारीक धार. काठावर एक आडवं पडलेलं खोड होतं. त्यावर मंडळी ओळीने बसली.

गुरुजी नेहमीसारखे त्यांच्यासमोर, खाली, ओढ्याकडे पाठ करून बसले. ते तसेच बसायचे. जुन्या लोकांना त्यात काही वाटत नसे. मास्तरांची सवय, वर्गाकडे तोंड करायची, असं म्हणून ते सोडून देत.

आज गुरुजी एका टोकाला सरकले आणि आपल्या शेजारची जागा त्यांनी हाताने दाखवली. नेमकी शेवंतामावशींच्या समोरची.

हृषीकेश बसला. पाठ ओढ्याकडे, तोंड माणसांकडे. गळ्यातला कॅमेरा मांडीवर आला. तो अगदी रडायच्या बेताला आला होता. परतीची बोट दुपारची. आजची ही शेवटची संधी, आणि त्याच्यासमोर काय, तर चष्म्यांची आणि टोप्यांची रांग.

बराच वेळ काही झालं नाही. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. दोघे हसले.

मग मागे पाचोळा वाजला.

अगदी हलका. दोन पावलं… थांबली… पुन्हा एक.

खोडावरची माणसं ताठ झाली. दुर्बिणी वर गेल्या. टोकाच्या बाईंनी नवऱ्याचं कोपर दाबलं. हृषीकेशची मान आपोआप फिरायला लागली…

“दिसली,” शेवंतामावशी हळूच म्हणाल्या.

त्याची मान थांबली.

मावशींची दुर्बीण झाडाच्या शेंड्याकडे होती. आवाज तर जमिनीवरून येत होता.

त्या हसत होत्या. तेच हसू. हृषीकेशने ते सहा दिवस पाहिलं होतं, आणि आत्ता पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याला मनापासून लाज वाटली.

“मावशी,” तो कुजबुजला, “नाही दिसली तुम्हाला.”

त्या गोंधळल्या. “राहू दे रे बाळा. तू बघ. तुला किती दिवसांची हौस. माझं काय…”

“दुर्बीण खाली ठेवा.”

“अरे पण…”

“नुसत्या डोळ्यांनी. माझ्या खांद्यावरून. पाण्याजवळ, खाली.”

त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. मान उजवीकडे केली, डावीकडे केली. आता आडवा येत होता तो हृषीकेशच. ते त्याच्या ध्यानात आलं. तो हळूहळू वाकला. आणखी वाकला. शेवटी हनुवटी गुडघ्यांना टेकली. मागे पाचोळा वाजतच होता, हाताच्या अंतरावर असल्यासारखा.

मावशींचं तोंड किंचित उघडं राहिलं.

भुवया वर गेल्या त्या तिथेच थांबल्या. त्यांनी हात पुढे केला आणि न बघताच हृषीकेशचं मनगट घट्ट पकडलं. बुबुळं सावकाश डावीकडून उजवीकडे सरकत गेली, थबकली, पुन्हा सरकली. कुणी पाण्याकाठाने चाललं होतं, थांबलं होतं, पुन्हा चाललं होतं.

हृषीकेश वळला नाही.

मग पाचोळा वाजायचा थांबला. मावशींनी श्वास सोडला. मनगट मात्र सोडलं नाही.

“अगं बाई…” एवढंच त्या म्हणाल्या. जरा वेळाने पुन्हा म्हणाल्या, “अगं बाई.”

मग सगळे एकदम बोलायला लागले. शेपटी कशी हलवत होती, चोच कशी कच्च्या कैरीसारखी हिरवी होती, पाण्यात कशी डोकावली. मावशी सगळ्यांत मोठ्याने सांगत होत्या, आणि दुसऱ्यांनी सांगितलेलं दुरुस्त करत होत्या. कुणीतरी चिवड्याचा डबा उघडला. सकाळ छान गेली.

हृषीकेश अजून तसाच बसला होता. मनगटावर बोटांचे लाल वळ उठले होते. पक्षी हुकला याचं वाईट वाटायला हवं होतं. त्याने स्वतःला चाचपून पाहिलं. थोडं वाटत होतं. फार नाही.

गुरुजी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्याच्याजवळ आले.

“गुरुजी, मी वळलो नाही.”

“हं.”

“मला नाही दिसली.”

“हं…”

“पण तुम्हाला माहीत होतं ती इथेच येणार. इतक्या वर्षांत तुम्ही कितीदा पाहिली असेल! निदान सांगा तरी, चालते कशी ती?”

गुरुजी ओढ्याकडे बघत राहिले. पाण्याजवळ कुणी नव्हतं. ओल्या मातीवर पावलांचे बारीक ठसे तेवढे होते. ते बघायला ते खाली वाकले, दुखऱ्या गुडघ्यांसकट, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“पुढच्या वर्षी तू इथे बस,” ते म्हणाले. “मी मावशींच्या शेजारी बसतो. मलाही एकदा बघायची आहे.”